काळ्या मातीच्या रस्त्यावर ॲम्बॅसिडर आणि फियाट

कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सने १९५७ साली इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून ॲम्बॅसिडर बाजारात आणली. तिची प्रतिस्पर्धी मुंबईतील कुर्ल्याची होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट ११०० चे भारतीय रूप येथे घडवले आणि १९७४ मध्ये त्याला पद्मिनी असे नाव दिले. नांदेड-लातूरकडे मात्र ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.

फियाटचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे, म्हणजे चारही सिलिंडरांमध्ये दट्ट्याच्या एका धावेत मावणारे एकूण आकारमान तेवढे, आणि शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. ॲम्बॅसिडरमध्ये १९५९ नंतर बसवलेले इंजिन १,४८९ घनसेंटिमीटरचे व सुमारे ५० अश्वशक्तीचे होते. तथापि फियाटचे वजन सुमारे ८९५ किलो आणि ॲम्बॅसिडरचे सुमारे १,१०० किलो असल्यामुळे टनामागे दोघींच्याही वाट्याला जवळपास ४५ अश्वशक्ती येते, म्हणजे रिकाम्या गाड्यांत निवड करावी असे फारसे काही उरत नाही. रिकाम्या गाडीने लग्नाला कोण जातो, हा प्रश्न वेगळा. पाच माणसे व सामान मिळून ४०० किलो भार धरला, तर हेच प्रमाण फियाटसाठी ३१ आणि ॲम्बॅसिडरसाठी ३३ पर्यंत उतरते. शिवाय फियाटची कमाल शक्ती मिनिटाला सुमारे ४,८०० फेऱ्यांवर, तर ॲम्बॅसिडरची ४,२०० च्या आसपास मिळत असल्याने भरलेल्या ॲम्बॅसिडरला चढावर गिअर कमी वेळा बदलावा लागे.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा रस्ता गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटच्या पठारावर चढतो आणि त्याखालची काळी माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचे डांबर लाटांसारखे उंचसखल होते. अशा ठिकाणी ॲम्बॅसिडरचे २,४६४ मिलिमीटरचे चाकांतर, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, फियाटपेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर अधिक असल्याचा लाभ मागे बसणाऱ्यांना होई. धक्के झेलायला मागच्या बाजूला दोघींनाही पाटेच (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) होते, पण पुढे ॲम्बॅसिडरला पीळ घेऊन धक्का पचवणाऱ्या सळ्या, तर फियाटला वेटोळी स्प्रिंग होती. लातुरात सोळा रस्ते एकत्र येतात त्या गंजगोलाईच्या गर्दीत हिशेब उलटे. तिथे आखूड, हलकी फियाटच सोयीची.

मराठवाड्यातील चाळीस अंशांवरच्या उन्हाने या दोन्ही यंत्रांना सारखेच छळले. इंजिनच्या अंगावर बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. यावर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके गुंडाळणे आणि झाडाखाली थांबणे हा सर्वमान्य उपाय होता, आणि तो तांत्रिकदृष्ट्याही अचूक होता, कारण पंप थंड होताच वाफेचा पुन्हा द्रव होतो.

१९८० मध्ये आलेल्या डिझेल ॲम्बॅसिडरने तुलनेचा पायाच बदलला. तिची शक्ती पेट्रोल ॲम्बॅसिडरहून कमी, आवाज व थरथर अधिक. पण डिझेल स्वस्त होते, आणि भाड्याने गाडी चालवणाऱ्याच्या वहीत अश्वशक्तीचा रकाना नसतो.