स्तन वाचवायचा की काढायचा? शिरूर-दौंडमध्ये निर्णयात अंतराचाही वाटा

स्तनातील छोटी गाठ कर्करोगाची निघाली आणि आजार सुरुवातीच्या टप्प्यात असला, की डॉक्टर बहुतेक वेळा दोन पर्याय सांगतात. फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन घ्यायचे, किंवा पूर्ण स्तन काढायचा. घरच्यांचे उत्तर अनेकदा ठरलेले असते : ‘मुळासकट काढून टाका, पुन्हा कटकट नको.’

पण पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढते का? इटलीतील मिलान आणि अमेरिकेतील अशा दोन मोठ्या अभ्यासांत महिलांचा २० वर्षे पाठपुरावा झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही पर्यायांत जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. रेडिएशन मात्र टाळून चालत नाही. अमेरिकी अभ्यासात नुसती गाठ काढलेल्या ३९ टक्के महिलांच्या त्याच स्तनात आजार परतला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

शिरूर, दौंडकरांची अडचण इथेच आहे. रेडिएशन रोज घ्यावे लागते आणि पुणे ७०-७५ किलोमीटरवर. जुन्या पद्धतीच्या २५ दिवसांसाठी शिरूरहून ये-जा केली, तर प्रवास होतो ३,५०० किलोमीटर. आता अनेकांना १५ दिवस पुरतात, म्हणजे २,१०० किलोमीटर. २०२० मधील ब्रिटिश अभ्यासानंतर काही निवडक रुग्णांसाठी ५ दिवसांचा पर्यायही आला आहे. ‘मला किती दिवस यावे लागेल?’ हे शस्त्रक्रियेआधीच विचारायला हवे.

दौंडहून रेल्वे आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबत्याला सेकंड क्लासच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. शिरूरला रेल्वे नाही. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. तरी तिकिटापेक्षा दोघांचा बुडालेला रोज महाग पडतो.

म्हणून पूर्ण स्तन काढणे सोपे वाटते. मात्र गाठ मोठी असेल किंवा काखेतील गाठींत आजार पोहोचला असेल, तर त्यानंतरही रेडिएशन लागू शकते. फेऱ्या वाचतीलच असे नाही.

काहींना पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरते. स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असणे किंवा छातीवर आधी रेडिएशन झालेले असणे, ही त्याची नेहमीची कारणे. गाठ मोठी असल्यास आधी केमोथेरपीने ती लहान करून स्तन वाचवता येतो का, हेही पाहिले जाते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्हींचा समावेश आहे. निवडलेल्या रुग्णालयात या दोन्ही सोयी योजनेतून मिळतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे.