पणजोबा कुठल्या पलटणीत होते?

‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते,’ असं तुमच्याही घरात कुणी सांगत असेल. पण पलटण कोणती, साल कोणतं, असं विचारलं की सगळे गप्प! मैत्रिणींनो, करमाळ्यात घरबसल्या हा शोध घेता येतो. आणि तो तुम्हीच घ्या. शेवटी माळ्यावरची ट्रंक आवरतं कोण?

ट्रंकेत पदक निघालं, तर चिंच-राखेनं घासायला मुळीच घेऊ नका. आधी त्याची कड भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. ती अक्षरं झिजली की खूणच पुसली.

बसऱ्याची गोष्ट खोटी नसते बरं का! 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी तिकडे लढल्या. डिसेंबर 1915 पासून कुत गावाला तुर्कांचा वेढा पडला. धान्य संपलं आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती पत्करावी लागली. कैदेत गेलेले कितीतरी परत आलेच नाहीत.

न परतलेल्यांची नोंद ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’कडे आहे. 1917 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं फुकट बघता येतात. मुलांना मोबाइलवर शोधायला सांगा. मात्र सोलापूरचं स्पेलिंग तेव्हा ‘एस’पुढे ‘एच’ लावून करत. आडनावांचं तर साहेबानं पार भजं केलेलं! तेव्हा नुसत्या नावानं, गावावरूनही शोधा.

आणखी एक सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत पुष्कळदा शिपायाच्या बायकोचंही नाव असतं. घरच्या वंशावळीत बाप, मुलगा, नातू एवढेच. सुनांना तिथं जागा नाही. घरात जिला नुसतं ‘म्हातारी’ म्हणत, तिचं नाव असं परक्या देशाच्या दप्तरात सापडावं, म्हणजे काय म्हणावं?

जे सुखरूप परतले, ते या यादीत नसतात. त्यांच्यासाठी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरासह पत्र घाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्र कसं लिहावं हे सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल.

पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईजवळ वही घेऊन बसा. मनीऑर्डर कुठून यायची, पेन्शन कुणाच्या नावावर होतं, तार आली तेव्हा ती वाचून कुणी दाखवली, हे तिलाच ठाऊक असतं.