लूप थांबत का नाही?

सी शिकायला घेतल्यावर लिहिलेला पहिला लूप बहुधा असा असतो: आकडा माग, स्कॅनएफने वाच, बेरजेत मिळव, शून्य आलं की थांब. तो बिनतक्रार चालतो. मग कुणीतरी कीबोर्ड मराठीवरच ठेवून '१२' टाइप करतं आणि पडद्यावर 'आकडा द्या, आकडा द्या'चा धबधबा सुरू होतो. कंट्रोल-सी दाबल्याशिवाय सुटका नाही.

बहुतेक जण मग शून्याची अट पुन्हा पुन्हा तपासत बसतात. ती बरोबरच असते.

आपण दाबलेली कळ थेट प्रोग्रॅमकडे जात नाही. टर्मिनल आख्खी ओळ धरून ठेवतं (म्हणून तर बॅकस्पेसने खोडता येतं) आणि एंटर दाबल्यावर एंटरच्या खुणेसकट पुढे सोडतं. स्कॅनएफला 'परसेंट डी' सांगितलं की तो मोकळ्या जागा ओलांडतो, इंग्रजी आकडे असतील तेवढे उचलतो आणि वेगळं काही दिसलं की थांबतो. ते वेगळं काही तो फेकून मात्र देत नाही. सगळी गोम इथे आहे. देवनागरी '१' म्हणजे यूटीएफ-८ मध्ये २२४, १६५, १६७ असे तीन बाइट. स्कॅनएफ २२४ पाशीच अडतो. पुढच्या फेरीतही समोर तोच २२४. व्हेरिएबलमध्ये आधीची किंमत तशीच पडून असते, ती शून्य नसते, की लूप पुन्हा फिरला.

खरं तर आपण अडलोय हे स्कॅनएफ दर वेळी सांगत असतो, विचारतो कोण! आकडा मिळाला तर तो १ परत देतो, अडला तर ०, इनपुटच संपलं तर ईओएफ. तेव्हा १ आला तरच बेरीज करायची.

पण अडकलेल्या ओळीचं काय? टर्बो सीच्या काळातल्या वह्यांत 'एफफ्लश'चा तोडगा सापडतो. तो विसरलेला बरा: इनपुटवर एफफ्लश चालेलच, अशी हमी सीचं स्टँडर्ड देत नाही. त्यापेक्षा एफगेट्सने सबंध ओळ उचलावी आणि एसटीआरटूएलने तिच्यातला आकडा काढावा. एफगेट्सला जागा किती आहे ते सांगावं लागतं. त्याच्या 'गेट्स' नावाच्या भावंडाला ते सांगायची सोयच नव्हती, त्यामुळे लांब ओळ जागेबाहेर सांडायची. १९८८ साली मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्रॅम ज्या वाटांनी यंत्रांत घुसला, त्यांतली एक हीच. २०११ च्या स्टँडर्डमधून गेट्सला काढून टाकलं.

ओळ गेटचारने एकेक बाइट करून उपसायची असेल, तर 'नवी ओळ येईपर्यंत' एवढी अट पुरत नाही, ईओएफही तपासावा लागतो. आणि उत्तर ठेवायला इंट घ्यायचा, कॅर नाही. ईओएफ ऋण असतो, सहसा उणे १. इंटेलच्या लॅपटॉपवर कॅरमध्ये तो बहुधा टिकतो. रास्पबेरी पायच्या लिनक्सवर कॅर ऋण किंमत ठेवतच नाही, उणे १ चे २५५ होतात आणि कंट्रोल-डी दाबून इनपुट संपवलं तरी लूप फिरतच राहतो.