ही घुंघुं कुठून येते?

सिंदी रेल्वेत गाडी गेली की तिचा आवाजही जातो. संगणकातली घुंघुं मात्र जात नाही. अम्मीच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून ॲम्प्लिफायरवर ऐकल्या, तर तिच्या बोलण्यामागे हीच घुंघुं!

आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. दोन्ही यंत्रं वेगळ्या बोर्डांवर असली, की त्यांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो. मग जोडतारेतून प्रवाह फिरून आवाजात मिसळतो. म्हणून दोन्ही एकाच बोर्डावर लावा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घुंघुं थांबली, तर चोर सापडला. मग जोडतारेत ऑडिओ आयसोलेटर बसवा.

काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिनच काढतात. आवाज जातो खरा. पण पत्र्याच्या पेटीत वीज उतरली, तर हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. ती पिन राहू द्या.