उसाच्या बांधावर करवंदाचे कुंपण

लागणीचा ऊस हातभर झाला की मोकाट गुरे हमखास शिरतात. बाभळीच्या फांट्यांचे कुंपण वाळवी लागून बसते, तारेचे खर्चिक पडते. अशा वेळी डोंगरातले करवंद कामाला येते. हे झुडूप बारमाही हिरवे, टणक काट्यांचे, मुरमाड जमिनीतही येणारे आहे. पाणी साचते तिथे मात्र लावू नये.

मे-जूनमध्ये पिकलेल्या करवंदांचे बी काढून धुवावे आणि लगेच पिशव्यांत पेरावे. बी ठेवून दिले तर उगवण घटते. रोपे पुढच्या पावसाच्या तोंडाला बांधावर दोन-दोन फुटांवर, दोन ओळींत आडवीतिडवी लावावीत. पहिला उन्हाळा पाणी द्यावे. रोपे गुडघाभर झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बुडापासून फांद्या फुटून कुंपण दाट होते. पुढे दरवर्षी फळे उतरल्यावर छाटणी करून उंची चार-पाच फूट ठेवावी, नाहीतर कडेच्या सरीवर सावली पडते.

तोडणीची गाडी, ट्रॅक्टर आत जाईल एवढी वाट आधीच सोडावी. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याला विचारूनच लावा. कुंपणापायी कज्जा नको.

कुंपण दाट व्हायला तीन-चार वर्षे लागतात, तोवर काट्यांची आड ठेवावीच. मग ऊसही राखला जाईल आणि घरच्या लोणच्याला कच्ची करवंदेही मिळतील.