हसवणाऱ्या वेस्टर्नमागचा कसबी हात

'दे कॉल मी ट्रिनिटी' हा चित्रपट 1970 साली आला आणि इटलीतल्या वेस्टर्नचा नूरच पालटला. त्याच्या दिग्दर्शकाबद्दल मात्र आजही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : दिग्दर्शक ई. बी. क्लचर हे अमेरिकन होते.
वस्तुस्थिती : क्लचर म्हणजे रोममध्ये 1922 साली जन्मलेले एन्झो बार्बोनी. चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून इंग्रजी नाव लावण्याची तेव्हा इटलीत पद्धतच होती. या चित्रपटाचे दोन नायकही तसेच : टेरेन्स हिल म्हणजे मारिओ जिरोत्ती आणि बड स्पेन्सर म्हणजे कार्लो पेदेरसोली.

गैरसमज : गंभीर वेस्टर्न जमले नाहीत, म्हणून ते विनोदाकडे वळले.
वस्तुस्थिती : ते आधी छायालेखक होते. सर्जिओ कोर्बुची यांचा 'जँगो' (1966) त्यांनीच चित्रित केला. त्यात नायक चिखलातून शवपेटी ओढत येतो. 'ट्रिनिटी'च्या सुरुवातीला घोडा चालतोय आणि त्याच्यामागे ओढल्या जाणाऱ्या खाटल्यावर नायक खुशाल डुलक्या घेतोय. भीषण वेस्टर्नची चौकट इतक्या जवळून पाहिलेल्या माणसालाच ती अशी उलटवता येते.

गैरसमज : हिल-स्पेन्सर जोडी त्यांनीच जमवली.
वस्तुस्थिती : जुझेप्पे कोलिझी यांच्या 'गॉड फरगिव्ह्ज... आय डोन्ट' (1967) मध्ये दोघे आधीच प्रमुख भूमिकांत एकत्र आले होते. बार्बोनींनी त्यांना भाऊ केलं : एक आळशी पण बिलंदर, दुसरा धिप्पाड आणि सदा वैतागलेला. जोडीची ही ओळख पुढे कायम राहिली.

गैरसमज : नुसती हाणामारी, त्यात कसली कला?
वस्तुस्थिती : घेवड्याचा प्रसंग पाहा. धुळीनं माखलेला ट्रिनिटी खानावळीत येतो, अख्खी कढई पुढ्यात ओढतो आणि पावानं शेवटचा थेंबही पुसून खातो. संवाद जवळजवळ नाहीतच. कॅमेरा घाई करत नाही. त्या खाण्यातूनच या माणसाची भूक, बेफिकिरी आणि निवांतपणा कळतो. पिस्तुलात तो किती तरबेज आहे, हे त्यानंतर दिसतं. शेवटच्या मोठ्या लढाईत गोळ्यांऐवजी ठोसे चालतात, हीही बार्बोनींनी जाणीवपूर्वक केलेली निवड आहे.

गैरसमज : 'माय नेम इज नोबडी'ही त्यांचाच.
वस्तुस्थिती : 1973 च्या त्या चित्रपटाचे दिग्दर्शक तोनिनो वालेरी आणि मूळ कल्पना सर्जिओ लिओने यांची. पण हिलचा तो खट्याळ नायक 'ट्रिनिटी'च्या यशाशिवाय तसा घडला नसता.

गैरसमज : एका चित्रपटानंतर ते संपले.
वस्तुस्थिती : 1971 च्या दुसऱ्या 'ट्रिनिटी'नं इटलीत पहिल्यापेक्षाही जास्त कमाई केली. वेस्टर्नची लाट ओसरल्यावर त्यांनी हीच जोडी 'क्राइम बस्टर्स' (1977) मध्ये मायामीचे पोलीस म्हणून उभी केली. 2002 साली ते वारले.

लिओने आणि कोर्बुची यांची नावं आदरानं घेणाऱ्यांनी त्याच रांगेत बार्बोनींचंही नाव घ्यायला हवं. प्रेक्षकाला हसवण्यासाठी त्यांनी कॅमेऱ्यामागची सगळी वर्षं पणाला लावली होती.