सायकलीवरील ओझे : शब्द आणि समतोल

कामाच्या ठिकाणी सायकलीने जाणाऱ्या मनुष्याजवळ काही ना काही सामान असतेच. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, कागदपत्रे, पावसाळ्यात रेनकोट आणि अलीकडे लॅपटॉप, असे सारे मिळून पाचएक किलो वजन सहज भरते. ते कोठे व कसे ठेवावे हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध दाखविणे हाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. ओझे वाहण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आपल्या शब्दांत आणि वाक्यरचनांत साठलेला असतो. सायकलस्वाराने त्याकडे दुर्लक्ष केल्यास त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

(१) प्रथम शब्दांचा विचार करू. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. आजच्या सायकलीचे पूर्वरूप म्हणता येईल अशी स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये तयार झाली ती १८८५ साली. म्हणजे मराठीची शब्दसंपत्ती कोशबद्ध होत असताना हे वाहनच अस्तित्वात नव्हते. पुढे ते आले ते आपली नावे घेऊन आले. हँडल, पेडल, ब्रेक, मडगार्ड, स्टँड, कॅरिअर हे सारे शब्द आपण जसेच्या तसे स्वीकारले. ओझ्याची गोष्ट मात्र निराळी होती. ओझे वाहणे हा व्यवहार जुना असल्यामुळे त्याचे शब्दही जुने आहेत : कावड, गोणी, पखाल, पडशी.

या चार शब्दांत एक समान लक्षण आढळते. कावडीच्या दोन्ही टोकांस सारखा भार असावा लागतो. गोणी म्हणजे आज आपण नुसते पोते समजतो. परंतु लमाणांच्या तांड्यांतील बैलाच्या पाठीवर ती दोन्ही अंगांस भार वाटला जाईल अशा रीतीने टाकीत. पाण्याची पखालही जनावराच्या दोन्ही बाजूंस उतरते. पडशी ही मध्यभागी तोंड असलेली लांबट पिशवी. तिचा एक कप्पा वाटसरूच्या छातीवर, तर दुसरा पाठीवर येतो. दुहेरी, समतोल ओझ्याची कल्पना या शब्दांच्या अर्थातच अंतर्भूत आहे.

(२) आता वाक्यरचना पाहू. ‘हँडलला पिशवी अडकवली’, ‘कॅरिअरवर खोके ठेवले’ आणि ‘बैलावर गोणी टाकली’ ही तीन वाक्ये घ्यावीत. पहिल्यात ‘-ला’ हा प्रत्यय व ‘अडकवणे’ हे क्रियापद आहे. वस्तू एका ठिकाणी धरलेली, बाकीची लोंबती आहे. दुसऱ्यात ‘-वर’ व ‘ठेवणे’ यांमुळे भार आधारावर बसल्याचा बोध होतो. तिसऱ्यात ‘-वर’ कायम असून ‘टाकणे’ आल्याने, आणि वस्तू गोणी असल्याने, ओझे आडवे पडून दोन्हीकडे उतरले आहे असे चित्र उभे राहते. ‘खांद्यावर पडशी टाकली’ ही रचनाही याच जातीची. ‘टाकणे’ला हा अर्थ प्रत्येक ठिकाणी असतो असे नव्हे, परंतु लोंबते, बसलेले आणि दुतर्फा पडलेले असे ओझ्याचे तीन प्रकार बोलणारा नकळत वेगळे करतो, एवढे खरे.

(३) हाच भेद यंत्रशास्त्रालाही मान्य आहे. सायकल उभी राहते ती चालविणारा सतत बारीक बारीक सुकाणू देत असतो म्हणून. ती ज्या बाजूस कलते त्या बाजूस तो हँडल किंचित वळवितो. स्वार ६० किलोंचा, सायकल २० किलोंची व पिशवी ५ किलोंची धरून, ती पिशवी मध्यरेषेपासून २० सें.मी. अंतरावर एका बाजूस टांगली, तर एकंदर गुरुत्वमध्य सुमारे १.२ सें.मी.नेच सरकतो. हा कल स्वार सहज सावरून घेतो. खरा धोका पिशवी झुलण्यात आहे. हँडलला टांगलेली पिशवी नेमक्या सुकाणू देणाऱ्या अवयवालाच हेलकावे देते, आणि वळणावर ती पुढच्या चाकात जाऊ शकते. प्रस्तुत लेखकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांची पिशवी एकदा अशीच चाकात गेली. लेखक रस्त्यावर आणि उत्तरपत्रिका चिखलात पडल्या. त्या वाळवून गुण पुन्हा ताडून पाहण्यात दोन रात्री गेल्या. त्या वेळी दोष दिला तो सायकलीला. ‘दुखणे हल्याला आणि डाग पखालीला’ म्हणतात ते हेच.

खांद्यावरील शबनम पुढे घसरून गुडघ्यास लागते. पाठीवरची सॅक हेलकावत नाही, परंतु भार उंच नेते, पाठ घामाने भिजविते व खांदे अवघडविते.

(४) ज्यांचा चरितार्थच सायकलीवर आहे त्यांनी हे प्रश्न केव्हाच सोडविले आहेत. दूध घालणारा गवळी जड कॅन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस, खाली टांगतो व ते हलू नयेत असे जखडतो. गोव्यातील पोदेर पावांची मोठी टोपली मात्र कॅरिअरवर उंच ठेवतो, कारण त्याचे ओझे आकाराने मोठे असले तरी वजनाने हलके असते. मुंबईचे डबेवाले हँडललाही डबे अडकवितात हे खरे. पण ते एकाच बाजूस नव्हे, दोहींकडे. जड ते खाली व दुतर्फा, हलके ते वर, हा नियम या मंडळींनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही.

(५) नेदरलंड्समध्ये कॅरिअरवर टाकावयाच्या जोडपिशव्या सर्रास वापरतात. आपल्याकडेही त्या मिळतात, पण ‘पॅनिअर’ या नावाने. त्या नावावरून वस्तूचा काहीच बोध होत नसल्यामुळे ती परकी व चैनीची वाटते. वस्तुतः ती पडशीच होय. तिला ‘सायकलपडशी’ म्हणावे, असे येथे सुचवावेसे वाटते. नाव ओळखीचे झाले म्हणजे उपयोगाची रीतही त्यातूनच कळेल : दोन्ही कप्प्यांत सारखे वजन असावे, जड वस्तू तळाशी व चाकाच्या आसाजवळ असाव्यात, कारण भार आसाच्या फार मागे गेल्यास पुढचे चाक हलके होऊन सुकाणू ढिले पडते, पेडल मारताना टाच पिशवीला लागू नये, आणि मोकळे बंद तारांपासून व साखळीपासून दूर बांधलेले असावेत.

नवी वस्तू आली म्हणजे नवा शब्द शोधावा लागतो, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. पुष्कळदा शब्द घरातच असतो, आणि त्याच्याबरोबर ती वस्तू वापरण्याचे शहाणपणही असते. रोज सकाळी कामावर निघणाऱ्या सायकलस्वाराला त्या शहाणपणाची गरज आहे.